डाव्या मांडीचं माप

ती ओळ मला कळली होती. बारीक टायपातली, इंग्रजी, डॉक्टरी भाषेतली, पण पहिल्याच वाचनात कळली होती. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. विचारणाऱ्यांना मी सांगितलं ते वेगळंच, आणि ते सगळ्यांना पटलं. पटलं म्हणून इतके दिवस निभावलं.

साजगावच्या बाजूला एका लोखंडाच्या कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सळईचा तुकडा यंत्रात धरायचा, दोन्हीकडून ओढायचा, तो कुठे ताणतो, कुठे तुटतो ते आकडे कागदावर मांडायचे आणि खाली सही करायची. माल कमी प्रतीचा असेल तर तसं लिहायचं. वरून कुणी कितीही फोन केले तरी. या एका बाबतीत माझं नाव चांगलं आहे. रोज रिपोर्टशीच काम पडतं, त्यामुळे गावातही कुणाचा रक्ताचा, लघवीचा, एक्स-रेचा कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. 'जरा वाच रं, काय म्हणतोय.' मी वाचतो, मराठीत सांगतो, आणि शेवटी 'डॉक्टरला विचार' असं म्हणतो. त्या एका कागदाच्या वेळी तेवढं म्हणालो नाही.

तो कागद माझ्या मित्राचा होता. त्याचं घर माझ्या घराला लागून, मधे एक लिंबाचं झाड. शाळेत एका बाकावर होतो. तो टेंपो चालवायचा. कर्जतच्या बाजारातून भाजी, पाण्याचे जार, गॅसच्या टाक्या उचलायच्या आणि कळंबकडच्या रिसॉर्टांवर पोचवायच्या. दमा त्याला लग्नाच्या आधीपासूनचा. कधीतरी एका डॉक्टरने लिहून दिलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या त्याला लागू पडल्या, आणि मग डॉक्टर सुटला, गोळ्या राहिल्या. श्वास चढला की मेडिकलमधून स्वतःच पट्टी आणायचा. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या आणि वर्षानुवर्षं घेतल्या की हाडं आतून पोकळ करतात, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

आता क्रिकेटचं सांगावं लागेल. आमच्या भागात चाळिशीनंतर माणूस पुन्हा क्रिकेटर होतो. भात कापून झालं की खाचरांचे बांध फोडून, माती दाबून मैदान करतात. मंडप लागतो, लाऊडस्पीकर लागतो आणि चाळीस वर्षांवरच्या माणसांच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. पोटं सुटलेली, केस रंगवलेले, पाठीवर गावाचं नाव. नियम दोनच, पण कडक. खेळाडू त्याच गावचा पाहिजे, बाहेरून आणलेला चालत नाही. आणि वय चाळीस पूर्ण पाहिजे. टेबलावर बसलेली कमिटी आधार कार्ड हातात घेऊन जन्मतारीख बघते.

आम्ही त्याला व्यायाम म्हणायचो. घरी कुणी बोललं की सांगायचो, व्यायाम करतोय, दारू पीत बसतोय का? सोमवार ते शनिवार मी लॅबच्या स्टुलावर, तो टेंपोच्या सीटवर. आणि रविवारी सकाळी एकदम धावायचं, तेही गावाच्या इज्जतीसाठी, म्हणजे जीव तोडून. सोमवारी जिना उतरताना मांड्या बोलायच्या. ते दुखणं म्हणजे अंग कमावल्याची खूण, असा आमचा सगळ्यांचा समज.

त्या वर्षी आमचं गाव पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलं होतं, आणि कॅप्टन मी होतो. गाव लहान. चाळिशीपार, धावू शकणारी आणि रविवारी मोकळी अशी माणसं मोजून बारा. त्यातला आमचा सगळ्यात चांगला बॉलर कमिटीने काढला. समोरच्या गावाने तक्रार केली होती. गडी पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, मुलीला मूल झालेलं, पण लहानपणी गुरांमागे असायचा म्हणून उशिरा शाळेत गेला, आणि मास्तरांनी वर्गात शोभावा म्हणून वय घटवून जन्मतारीख एक जून टाकलेली. आधारवर एकोणचाळीस. तो नातवाला खांद्यावर घेऊन टेबलापुढे उभा राहिला.

"ह्यो माझा नातू हाय. बघा आता, मी चाळीसचा नाय?"

कमिटीतला माणूस म्हणाला, "नातवाचं आधार नको, तुमचं दाखवा."

सगळे हसले. मीही हसलो. पण बारातून एक गेला, अकरा राहिले. अकरावा माझा मित्र.

त्याच्या आधी काही दिवस खोपोलीत एका हॉलमध्ये हाडं तपासायचं मोफत शिबिर लागलं होतं. टीमचे पाच-सहा जण गंमत म्हणून गेलो. यंत्रात टाच ठेवायची, आकडा येतो. माझा आकडा चांगला आला. त्याचा बघून तिथल्या मुलीने दुसरी टाच ठेवायला लावली, मग पुन्हा पहिली, आणि पनवेलला जाऊन मोठ्या यंत्रावर तपासून घ्या म्हणाली. तो गेला नसता, पण वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाठ सोडली नाही. तपासणी झाली. रिपोर्ट शुक्रवारी मिळाला. डॉक्टरची वेळ पुढच्या बुधवारची होती. मॅच रविवारी.

शुक्रवारी संध्याकाळी शिफ्ट सुटून मी फाट्यावर उतरलो, तर त्याचा टेंपो उभा. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने डॅशबोर्डवरून पाकीट काढून दिलं.

"वाच. वहिनी तुझी इचारंल घरी गेल्यावर."

मी वाचलं. कमरेच्या मणक्याचे आकडे, डाव्या खुब्याचे आकडे, पुढे उणे चिन्ह. आकड्यांचा मला सराव आहे. किती उणे म्हणजे माल नापास, हे तिथेच खाली दिलेलं होतं. आणि शेवटी ती ओळ. खुब्याच्या हाडाला मोडण्याचा धोका जास्त आहे, धावणं, उड्या आणि पडण्याची शक्यता असलेले खेळ टाळावेत. औषध सुरू करावं आणि ताकद वाढवण्याचा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली करावा.

मी कागदाची घडी घालून पाकिटात सरकवली. समोरून एक एसटी गेली, एवढंच आठवतं.

"हाडं जरा कमी पडलीत," मी म्हणालो. "गोळ्या देतील. आणि व्यायाम करायला सांगितलाय."

"म्हंजे क्रिकेट चालंल."

"बुधवारी डॉक्टर सांगतीलच की."

"बुधवारचं नाय रं, रविवारचं इचारतोय."

"चालंल," मी म्हणालो.

एवढंच झालं. दहा जणांनी उतरता येतं, नियमात बसतं. पण उपांत्य फेरीत दहा जणांचं गाव म्हणून लाऊडस्पीकरवर जे ऐकावं लागलं असतं ते मला नको होतं. कारण यापेक्षा मोठं नाही. मी शोधून पाहिलं आहे, नाही.

रविवारी आम्ही दोघंच पिचवर होतो, तो त्या टोकाला, मी या टोकाला. त्याने चेंडू बांधाच्या दिशेने तटवला. एक धाव आरामात झाली. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला आणि मी ओरडलो, "दुसरी हाय!" तो वळला. वळताना डावा पाय मातीत अडकला आणि तो डाव्या कुशीवर पडला. जोरात नाही. लहान पोर पडावं तसा. हाड मोडल्याचा आवाज आला असं जवळचे सांगतात. मला लाऊडस्पीकरच ऐकू येत होता. विकेटकीपरने बेल उडवली. अंपायरने बोट वर केलं. रनआउट म्हणून कॉमेंट्रीवाल्याने त्याचं नाव घेतलं आणि मग तो उठत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला फिरला होता. रिक्षात बसवणं शक्य नव्हतं. तोच म्हणाला, "माझाच टेंपो काढा." मंडपातली चटई हौद्यात टाकली, तिच्यावर त्याला ठेवलं आणि पनवेलला नेलं. मी शेजारी बसून त्याचा पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून होतो. रसायनीच्या पुढे मला गावातून फोन आला. मी पहिला प्रश्न विचारला तो स्कोअरचा. हेही कुणाला माहीत नाही. तो ऐकत होता, पण त्याला वाटलं मी त्याच्यासाठी विचारतोय.

"जिकलो काय?" त्याने विचारलं.

"नाय."

दवाखान्यात वहिनी आली ती फाइल घेऊन. सगळे कागद नीट लावून ठेवायची तिची सवय. डॉक्टरने पनवेलचा रिपोर्ट काढला, वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"धावायचं नाही असं इथे स्पष्ट लिहिलंय. हे कुणी वाचलं नव्हतं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती रागाने बघत नव्हती. तिला कळायचं होतं, एवढंच.

"मी वाचलं होतं," मी म्हणालो. "पण मला तेवढं डॉक्टरी इंग्रजी नाही कळलं, साहेब."

स्ट्रेचरवरून तो म्हणाला, "त्याला नका बोलू. तो लोखंड तपासतो, हाडं नाय."

खुब्यात तीन स्क्रू घातले. एक्स-रे दाखवला तेव्हा मी स्क्रूंकडे बघत राहिलो. ते कुठल्या प्रतीचं पोलाद असेल, किती ताण घेईल, असले विचार डोक्यात येत होते. बाजूच्या हाडाकडे बघवत नव्हतं.

घरी आणल्यावर दीड महिना तो पाय टेकवायचा नव्हता. त्या दीड महिन्यात काय होतं हे मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. हाड एका क्षणात मोडलं, पण मांस रोज थोडं थोडं गेलं. डाव्या मांडीची कातडी सैल झाली, पोटरी पिशवीसारखी लोंबायला लागली. गॅसची भरलेली टाकी एका झटक्यात खांद्यावर घेणारा माणूस. त्याची मांडी त्याच्या मुलीच्या दंडाएवढी वाटायची.

टाके निघाल्यावर कर्जतहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा यायला लागली. पंचविशीची असेल, बोलायला फटकळ. तिने पहिल्या दिवशी शिंप्याची टेप काढली, गुडघ्याच्या वाटीपासून वर ठरावीक अंतरावर पेनाने खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. आकडे वहीत लिहून वही माझ्या हातात दिली, कारण तिथे रोज बसणारा मीच होतो.

"काका, तुम्ही मोजायचं. दर सोमवारी. खूण पुसली तर पुन्हा करा."

मी विचारलं, भरून यायला किती दिवस?

"गेलं तितक्या लवकर येत नाही. स्नायूला महिने लागतील. हाडाचं तर वर्ष-दोन वर्षांनी तपासलं तर कळेल, तेही औषध चालू ठेवलं तर. आणि काका, हाड नुसतं दूध पिऊन वाढत नाही. त्याला भार लागतो. आज थोडा, पुढच्या महिन्यात त्याहून थोडा जास्त. एकदम दिला तर मोडतं, अजिबात नाही दिला तर झिजतं."

मग तिने आमच्या दोघांकडे बघून विचारलं, "तुम्ही दोघं आधी काय व्यायाम करायचात?"

"क्रिकेट," तो म्हणाला. "रविवारी."

"आणि सोमवार ते शनिवार?"

ती म्हणाली, चाळिशीनंतर न वापरलेला स्नायू दरवर्षी आपोआप थोडा कमी होतो, आपल्याला कळत नाही. वजन तेवढंच राहतं, कारण मांस जातं आणि चरबी येते. म्हणून माणसाला वाटतं आपण आहोत तसेच आहोत. मी माझ्या मांडीवर हात ठेवून बसलो होतो, तो काढून घेतला.

लोखंडाला हे लागू नाही. आमच्या यंत्रात सळई ओढली की एका मर्यादेनंतर ती परत मूळ लांबीला येत नाही, आणि भार देऊन देऊन ती कधी मजबूत होत नाही, थकते. बावीस वर्षं हेच बघत आलो. सोसणारी वस्तू सोसून वाढते हे मला नवीन होतं.

तेव्हापासून रोज सकाळी शिफ्टच्या आधी त्याच्याकडे जायचं असं ठरून गेलं. ठरवलं कुणी नाही. मी गेलो, मग जात राहिलो. आधी खाटेवर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. मग वॉकर. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं. मग ओट्याला धरून टाचा उचलणं. मग ओट्याची एक पायरी चढायची, उतरायची, चढायची, उतरायची. वहिनीने जुन्या जीनचे पाय कापून, शिवून पिशव्या केल्या. नदीची वाळू आणून मी लॅबच्या काट्यावर तोलून त्यात भरली. अर्धा किलो, एक किलो, दीड. त्या पायाला बांधायच्या आणि पाय उचलायचा.

यात सांगण्यासारखं काही नाही. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. मैदानावर चेंडू असतो, आरडाओरडा असतो, कुणीतरी हरतं. इथे नुसती मोजणी. आठ, नऊ, दहा. परत. पावसाळ्यात ओट्यावर पाणी यायचं तेव्हा आतल्या खोलीत, कपाटाला धरून. काही दिवस तो म्हणायचा, "आज नाय रं. आज नको." मी म्हणायचो, "पाच कर." पाच झाल्यावर म्हणायचो, "अजून पाच." माझा स्वतःचा आवाज ऐकून मला शिसारी यायची. पिचवरही मी असाच ओरडायचो.

तो एकटा करायला लाजायचा म्हणून सगळं मीही त्याच्याबरोबर करत होतो. त्याचा परिणाम असा झाला की मला फायदा झाला. सहा-सात महिन्यांत माझं गुडघ्याचं जुनं दुखणं गेलं. लॅबचा जिना चढताना दम लागेनासा झाला. कारखान्यात एकाने विचारलंही, "काय साहेब, जिम लावली काय?" एका सोमवारी तो म्हणाला, "तुझी पण मोज की." मी नको म्हणत होतो, त्याने टेप ओढून घेतली. माझी मांडी दोन बोटं भरली होती. त्याची त्या महिन्यात होती तेवढीच. त्याला औषधाने पित्त झालं होतं, मधे दम्याने आठवडाभर पडून होता.

"तुला बरं लागू पडलं," तो हसून म्हणाला. "पाय माझा मोडला आणि मांडी तुझी भरली."

त्या दिवसापासून वहीत मी माझा आकडा लिहीत नाही.

वहिनीलाही भार आला होता, पण तो कुणी मोजला नाही. टेंपो उभा राहिल्यावर ती कळंबच्या एका रिसॉर्टवर कपडे धुण्याच्या कामाला लागली. मोठ्या यंत्रातून ओल्या चादरी काढायच्या, पिळायच्या, गच्चीवर न्यायच्या. पहिल्या महिन्यात तिला रात्री हात वर करता येत नव्हते. घरी येऊन परत ह्याला उचलायचं, बसवायचं, संडासला न्यायचं. वर्षभरात तिचे दंड घट्ट झाले. एकदा ब्लाउजच्या बाह्या उसवून परत शिवताना म्हणाली, "भावजी, आता माझी टीम काढा. चाळीसच्या वर हाय मी पण, आधार दाखवते."

मी हसलो. ती हसत असली की मला जास्त जड जातं.

कारण ती मला मानते. शेजारणींना सांगते, "सख्ख्या भावानं केलं नसतं येवढं भावजी करतात. दोन वर्षं एक दिस चुकवला नाय." माझ्यासमोर सांगते. चहात माझ्यापुरती साखर कमी घालते. आणि बोल लावायचा असतो तेव्हा तो त्याला लावते. चिडून नाही, आता ते रोजचं झालंय, भांडी घासता घासता.

"म्हातारपणी क्रिकेट. गाव बुडत व्हतं काय तुमच्याबिगर?"

तो वाळूची पिशवी बांधतो.

"पोरीची बारावी व्हती. तेवढं तरी मनात आणायचं."

तो पाय उचलतो. मी मोजतो. एक, दोन, तीन.

मी रोज सकाळी जातो ते मैत्रीखातर, असं गाव समजतं. मी स्वतःशी असंही म्हणून बघितलं की मोडलेलं मी भरून देतोय, रोज थोडं थोडं, हाडासारखं. पण तसं नाही. मी तिथे जातो, कारण मी गेलो नाही तर ती दोघं माझ्याबद्दल विचार करायला लागतील, अशी भीती वाटते. समोर असलेल्या माणसाबद्दल कुणी विचार करत नाही.

टेंपो दीड वर्ष ताडपत्रीखाली होता. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी चालू करून ठेवायचो. क्लच डाव्या पायाचा, त्यामुळे सगळं त्या मांडीवर अडलं होतं. गेल्या दिवाळीनंतर तो पहिल्यांदा सीटवर बसला. क्लच दाबला, धरला, सोडला. पुन्हा. पाय थरथरत होता पण धरून होता. मी बाजूच्या सीटवर होतो. तो फाट्यापर्यंत गेला आणि वळवून आला. आता हलक्या फेऱ्या करतो, भाजीच्या. जार आणि टाक्या उचलायला माणूस घ्यावा लागतो. काठी लागते, पण घरात विसरतो कधीकधी.

या उन्हाळ्यात परत हाडांची तपासणी झाली. त्याच यंत्रावर, पनवेललाच. रिपोर्ट घेऊन तो सरळ घरी आला आणि मला हाक मारली. ओट्यावर तो, मी आणि वहिनी. पाकीट त्याने माझ्याकडे दिलं. दुसऱ्या कुणाकडे न्यायचा हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"या टायमाला नीट वाच रं," तो म्हणाला. "नाय कळलं तर तसं सांग. मास्तरांना इचारू."

तो चेष्टा करत होता. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं.

मी एकेक ओळ वाचली आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. मणक्याचा आकडा, खुब्याचा आकडा. आधीपेक्षा सुधारलेले आहेत, पण अजून उणेच. औषध चालू ठेवायचं. व्यायाम आहे तसा चालू ठेवायचा, भार हळूहळू वाढवायचा. गाडी चालवायला हरकत नाही. धावणं आणि उड्या नकोत. एक शब्द मी सोडला नाही. डॉक्टरांच्या सहीखालचा पत्तासुद्धा वाचला.

"म्हंजे बरं हाय की," तो म्हणाला.

"बरं आहे."

वहिनी पदराने हात पुसत होती. ती त्याच्याकडे वळली. "बघा. किती सोपं लिवलंय. तवा भावजींना नाय कळलं, त्यांचं सोडा, ते काय डाक्टर नायत. पण आपलं अंग आपल्याला कळायला नको? दम लागतोय, हाडं दुखतायत, आणि हे चालले पळायला."

तो हसला आणि खाली बघायला लागला. दोन वर्षं तो असाच खाली बघतो. त्याला वाटतं तिचं बरोबर आहे. त्याला खरंच वाटतं की चूक त्याची होती.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि म्हणालो, "चला, दहा करून घेऊ. मला दुपारच्या शिफ्टला जायचंय." त्याने खुर्ची ओढली. वहिनी आत चहा टाकायला गेली.

त्याची डावी मांडी अजून उजवीपेक्षा बारीक आहे. ती कदाचित बारीकच राहील, असं ती फिजिओ मुलगी म्हणाली, उरलेल्याला सांभाळायचं. त्यासाठी मी रोज जाईन, ते मला जमतं. ते देणं नाही, सवय आहे.

वहिनी दोन वर्षं चुकीच्या माणसाला बोलते आहे. ती ओळ मला तेव्हाच कळली होती, हे तो शेजारी बसलेला असताना तिला सांगणं, एवढं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.